तेराची भीती : तिकडची आणि इकडची

पाश्चात्त्य देश म्हटले की विज्ञान, यंत्रे आणि चंद्रावर गेलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. अंधश्रद्धा ही अडाणी, गरीब माणसांची गोष्ट, असे आपण धरून चालतो. पण अमेरिकेतल्या कितीतरी उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये १२ नंतर थेट १४ चे बटण असते. तेराव्या मजल्यावर माणसे राहतातच. फक्त त्याला चौदावा म्हणतात!

येशू ख्रिस्तांच्या अखेरच्या भोजनाला तेरा जण होते, असे ख्रिस्ती परंपरा सांगते. शुक्रवारी त्यांना सुळावर चढवले, असेही ती मानते. म्हणून तेरा आकडा वाईट आणि तेरा तारखेचा शुक्रवार त्याहून वाईट, असे या भीतीचे कारण सांगितले जाते. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात जेवायला तेरा जण आले, तर चौदाव्या खुर्चीवर कॅस्पर नावाचे काळे लाकडी मांजर बसवतात. त्याच्या गळ्यात रुमाल बांधून त्यालाही ताट वाढतात. १९२७ साली ते घडवले गेले. गंमत अशी की काळे मांजर इंग्लंडमध्ये अनेकांना शुभ वाटते, तर समुद्रापलीकडे अमेरिकेत अशुभ.

इटलीत लोक सतराला भितात. रोमन लिपीतल्या सतराची अक्षरे फिरवली की ‘मी जगलो’, म्हणजे ‘माझे आयुष्य संपले’, अशा अर्थाचा लॅटिन शब्द होतो. लुफ्थान्साच्या विमानांत म्हणूनच १३ आणि १७ या दोन्ही रांगा नसतात. स्पेन आणि ग्रीसमध्ये अशुभ दिवस शुक्रवार नसून तेरा तारखेचा मंगळवार आहे. आकड्यात खरोखरच काही ताकद असती, तर सरहद्द ओलांडताच ती बदलली असती का?

भीती बाळगणारे ‘अपोलो १३’ कडे बोट दाखवतात. १९७० च्या १३ एप्रिलला त्या यानातील ऑक्सिजनची टाकी फुटली. पण चौकशीत कारण सापडले ते तारांचे : जमिनीवरच्या चाचणीत त्यांचे वेष्टन जळाले होते. आणि तिन्ही अंतराळवीर सुखरूप परतले, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

याला विरोध करणारेही तिथलेच. १३ जानेवारी १८८२ रोजी, शुक्रवारीच, न्यूयॉर्कमध्ये ‘थर्टीन क्लब’चे पहिले भोजन झाले. तेरा जण मुद्दाम शिडीखालून गेले, टेबलावर मीठ सांडले आणि पोटभर जेवले.

हे वाचून आपल्याला हसू येईल. पण थोडे थांबून आपल्या घरात डोकावू या. दख्खनमधल्या मुस्लिम घरांत सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस ‘तेरा तेजी’ म्हणून अशुभ मानण्याची चाल आहे. या दिवसांत निकाह ठरवत नाहीत, प्रवास टाळतात आणि तेराव्या दिवशी अंडी, तेल सदका म्हणून देतात. सदका केव्हाही चांगलाच. पण तो गरिबाची गरज पाहून द्यायचा की तारखेला भिऊन?

सफरमध्ये अपशकुन नाही, असे पैगंबर (स.) यांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणाले, ग्रहण याच मृत्यूमुळे लागले. पुत्रशोकातही पैगंबरांनी ही समजूत खोडून काढली. चंद्र-सूर्य या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरण्याने वा जन्मण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, असे ते म्हणाले.

आपल्याकडे मात्र सफरमध्ये सून घरात आली आणि पुढे काही बरेवाईट घडले, की दोष तारखेवरून तिच्यावर येतो. आकडा काही ऐकत नाही. ऐकावे लागते त्या मुलीला. तेव्हा तिकडच्या लिफ्टला हसण्याआधी आपल्या घरातला तेरावा मजला शोधू या. या सफरमध्ये एखादा निकाह ठरत असेल, तर तो पुढे न ढकलता बिस्मिल्लाह म्हणू या.