पेटीची किल्ली गावात राहू द्या

मे महिना जवळ आला की मुंबईचा चाकरमानी गावच्या तिकिटासाठी जिवाचे रान करतो. कणकवलीला उतरायचे, आचऱ्याकडची एस.टी. धरायची आणि पुढे तोंडवली गाठायची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माड आणि सुरूचे बन. गावाला कशाला जाता, असे विचारले तर मोठी माणसे आंबे-फणस सांगतील, पावसाआधीची घराची डागडुजी सांगतील. आमच्या वाडीतली मुले मात्र अलीकडे वेगळेच कारण सांगतात. ती म्हणतात, "विहारात गाण्याचा वर्ग आहे."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. प. पू. डॉ. बाबासाहेबांची जयंती १४ एप्रिलला येते. त्या दिवशी आमची निम्मी-अधिक वाडी मुंबईत असते, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात आणि एका दिवसाच्या सुटीत सिंधुदुर्गात जाऊन परत येणे कोणालाच जमत नाही. म्हणून कोकणातल्या पुष्कळ गावांत वैशाख पौर्णिमेच्या सुमारास, मे महिन्यात, बुद्ध आणि आंबेडकर अशी संयुक्त जयंती होते. वर्षभर कुलूप लागलेली घरे तेव्हा उघडलेली असतात. लग्ने, साखरपुडे, वाडीची बैठक, मुंबई मंडळाचा हिशेब, सारे याच पंधरवड्यात उरकायचे. आमचा वर्गही याच पंधरवड्यातला.

वर्ग म्हणजे मोठी संस्था नव्हे. विहाराच्या सभागृहात सतरंजी, एक पेटी, एक ढोलकी, तबला-डग्गा आणि दोन खंजिऱ्या. सकाळी आठ ते दहा. शिकवणारे दोघे. एक मुंबईचा तरुण, गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षा दिलेला. दुसरे गावातलेच गृहस्थ, डबलबारीची भजने ऐकून ऐकून कान तयार झालेले. पहिल्याला सरगम लिहून दाखवता येते, दुसऱ्याला लिहिता येत नाही पण चूक लगेच कळते. दोघांचे जमायला पहिली दोन वर्षे गेली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पहिल्याच वर्षी एक प्रसंग घडला. ऐंशी ओलांडलेले आमचे एक आजोबा काठी टेकत विहाराच्या पायरीपर्यंत आले आणि आत ढोलकी पाहून तिथेच थांबले. म्हणाले, "गावाचो ढोल आमी गळ्यातसून काढलो, आणि आता तुमीच तो पोरांच्या गळ्यात घालतास?"

नव्या पिढीला हा प्रश्न कळणार नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. महाराष्ट्रात ठिकठिकाणी गावाच्या उत्सवात, वरातीत, पालखीपुढे वाजवणे हे आपल्या लोकांवर लादलेले काम होते. वाजवायचे आपण, आणि देवळाच्या पायरीबाहेर उभे राहायचेही आपणच. मोबदला म्हणजे मूठभर धान्य आणि नारळाची अर्धी कवड. बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकवला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा गावोगाव आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तसा ढोलही खाली ठेवला. त्यापायी बहिष्कार सोसला, मजुरी बुडाली, पाणवठ्यावर भांडणे झाली. आजोबांनी हे लहानपणी वडिलांच्या पाठीमागे उभे राहून पाहिले होते. त्यांचा राग आम्हांला शिरसावंद्य होता.

पण आम्ही नम्रपणे एवढेच म्हटले की आजोबा, तुम्ही सोडला तो दुसऱ्याच्या हुकमाचा ढोल. हा वाद्यांचा दोष नव्हता. बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरात सुभेदार रामजी कबीरपंथी होते, मुलांना भजने म्हणावी लागत. पुढे उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, बाबासाहेबांनी व्हायोलिन शिकायला घेतले. आणि चळवळ खेड्यापाड्यांत नेली कोणी? १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले. तमाशाचा साचा तोच, ढोलकी तीच, पण मजकूर बदलला. पाणी, शाळा, सावकार, अंधश्रद्धा हे विषय फडावर आले. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याला जलसा ऐकता येत होता. सिन्नरजवळच्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक तर शाळेत न जाता मोठे झाले. अक्षरओळख मुंबईत आल्यावर, तरुणपणी झाली आणि २००४ मध्ये जाईपर्यंत हा माणूस गीते लिहीत गावोगाव फिरत राहिला. शाहीर विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवरच कोसळले. अशी ही वाजवणाऱ्यांची परंपरा आहे.

आजोबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशीही पायरीवर बसले आणि तिसऱ्या दिवशीही. शेवटी एका मुलाला म्हणाले, "तुजो डावो हात झोपलो हा." मुलाने डाव्या हाताचा ठोका सुधारला. आजोबांनी स्वतः ढोलकीला हात लावला नाही, अखेरपर्यंत लावला नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.

आता वर्गातली गंमत. मुंबईची मुले मोबाईलवर ऐकून पन्नास गाणी पाठ करून येतात, पण पाठीमागे तयार संगीत नसेल तर त्यांचा सूर हलतो. गावच्या मुलांना गाणी कमी येतात, मात्र केरव्याच्या आठ मात्रा त्यांच्या हातात जन्मतः असाव्यात अशा पडतात. पहिले चार दिवस दोन्ही टोळ्या वेगवेगळ्या बसतात. मुंबईकर गावकऱ्यांच्या बोलीला हसतात, गावकरी मुंबईकरांच्या ठोक्याला हसतात. पाचव्या दिवशी गुरुजी मुद्दाम जोड्या लावतात, गळा मुंबईचा आणि हात तोंडवलीचा. मग दुपारी सुरूच्या बनातही सराव चालतो.

भगिनींसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. आमच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षे पेटीवाला आपल्या सोयीने काळी एक किंवा काळी दोन धरायचा. पुरुषांचा सूर तो. बायकांचा आवाज साधारण काळी चारच्या आसपास मोकळा होतो. त्यामुळे आमच्या आया-बहिणींना खालच्या पट्टीत पुटपुटावे लागायचे आणि समोरचे म्हणायचे, बायकांचा आवाजच येत नाही, त्यांना माईक कशाला? वर्गात पहिल्यांदा पेटी काळी चारला धरली त्या दिवशी नेहमी मागच्या रांगेत बसणारी एक वहिनी अशी गायली की सभागृहाबाहेर मासे निवडणाऱ्या बायका उठून आत आल्या. दोष गळ्याचा नव्हता. पट्टी कोणाच्या सोयीने ठरते, हा प्रश्न होता आणि तो फक्त गाण्यापुरता आहे असे मला वाटत नाही. आता ढोलकीवर एक मुलगी बसते. सुरुवातीला कुजबुज झाली. कुजबुजणाऱ्यांपैकी कोणालाच ढोलकी येत नसल्यामुळे ती लवकर थांबली.

पौर्णिमेच्या दिवशी मात्र आम्ही कार्यक्रम ठेवत नाही. त्या दिवशी वाडीतली काही वडीलधारी मंडळी अष्टशील पाळतात आणि अष्टशीलात नृत्य, गायन, वादन यांपासून दूर राहण्याचे शील आहे. सकाळी पाली वंदना, प्रवचन, खीरदान एवढेच होते. गाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. एका बैठकीत कोणी विचारले होते, मग धम्मात संगीत निषिद्ध का? तेव्हा बौद्धाचार्यांनी सोण भिक्खूची कथा सांगितली. चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या सोणाला, जो पूर्वी वीणा वाजवीत असे, भगवान बुद्धांनी विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का, फार सैल ठेवल्या तर वाजते का? मुलांना ही कथा समजावून सांगावी लागली नाही. तबल्याचे गठ्ठे हातोडीने ठोकून सूर लावताना त्यांनी ते रोज पाहिले होते.

हे सारे चांगले लिहिले. आता जे चांगले नाही ते.

जूनमध्ये शाळा उघडतात. चाकरमानी परततात. पेटी कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली मुंबईला जाते. हे अनेक वर्षे असेच चालले. मी स्वतः मुंबई मंडळाचा जमाखर्च सांभाळणारा, बी.कॉम. झालेला कारकून. पेटी 'स्थावर-जंगम' यादीत लिहिणारा मीच आणि किल्ली खिशात घालणाराही मीच. वस्तू सुरक्षित राहावी एवढाच हेतू होता. पण समुद्रकाठची खारट, दमट हवा कुलपाला भीत नाही. पितळी रीडवर हिरवट थर चढतो, लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, भात्याला भेगा पडतात. दर मे महिन्यात आम्ही वर्गणीतून दुरुस्तीचे पैसे मोजत होतो आणि गावची मुले अकरा महिने मांडीवर ताल धरून बसत होती. ज्यांचा हात तयार, त्यांनाच वाद्य नाही. ज्या मुलीने सुटीत अलंकार घोटले ती पुढच्या मेपर्यंत सारे विसरून यायची. तिला परीक्षेला बसवायचे तर रोजचा रियाज कोठे करणार?

शेवटी बैठकीत ठराव मांडला की किल्ली वाडीच्या महिला मंडळाकडे राहावी. विरोध झाला. "पोरे मोडून ठेवतील", "जबाबदारी कोणाची", "गावात राजकारण होईल". यांतला पहिला आक्षेप मीही पूर्वी घेतला होता. एका ताईंनी विचारले, "बंद ठेवून तुम्ही दरवर्षी मोडताच ना? मग आमच्या हातून मोडली तर काय बिघडले?" वर्षांच्या दुरुस्तीच्या पावत्या माझ्याच फाईलमध्ये होत्या, मला उत्तर देता आले नाही. ठराव थोड्या मतांनी संमत झाला. डीजेसाठी पैसे कमी पडले म्हणून दोन तरुण रुसले, ते अजून रुसलेले आहेत.

किल्ली दिली त्या वर्षी आषाढात एका संध्याकाळी गावाहून फोन आला. नववीतली मुलगी होती. म्हणाली, "काका, जयभीम. काळी चार धरली की कोमल गंधाराची पट्टी दाबल्यावर वर येत नाय." पूर्वी कोणी एवढे नेमके सांगितले नव्हते, "पेटी बिघाडली" एवढाच निरोप यायचा. मी म्हटले, लाकूड फुगले असेल, ऊन पडले की थोडा वेळ सावलीत वाऱ्याला ठेवा, थेट उन्हात नको.

ती म्हणाली, "ऊन खयचा, काका? आठ दिवस झड लागली हा." मागे खंजिरी चालू होती.