दोनच बाळे, पण जंतू एकच

साथ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शेकडो रोगी येतात. हॉस्पिटलात मात्र साथीचा संशय यायला दोन रोगीही पुरतात. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनची हकिकत मी त्यासाठीच सांगते.

तिथल्या नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात दोन बाळांच्या तपासणीत एमआरएसए सापडला. हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतूचा एक प्रकार. साधा स्टॅफिलोकॉकस पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात व कातडीवर गुपचूप राहतो. एमआरएसएही तसाच राहू शकतो. पण तो पेनिसिलीनच्या घराण्यातल्या बहुतेक औषधांना दाद देत नाही. सुईच्या जागेतून तो रक्तात शिरला, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्न असा, की दोन्ही बाळांना तो वेगवेगळीकडून आला की कक्षातच एकाकडून दुसऱ्याकडे गेला? सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जंतू सारखेच दिसतात. म्हणून त्यांचा डीएनए वाचावा लागतो. २०२२ मध्ये तिथल्या प्रयोगशाळेने नॅनोपोर यंत्रावर हे वाचन नियमित सुरू केले होते. डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून सरकताना विजेचा प्रवाह बदलतो; त्यावरून डीएनएची अक्षरे ओळखतात. दोन जंतूंत अगदी थोडा फरक निघाला, तर नाते जवळचे.

पहिला जंतू सापडल्यापासून १३ दिवसांत साथ ओळखली गेली. मग कक्षातील बाळे तपासली, तेव्हा आणखी सहा जणांच्या अंगावर तो मिळाला. संसर्ग रोखण्याचे उपाय केल्यावर त्या वंशाचे फक्त दोन नवे रोगी आढळले. आणखी तिघांत एमआरएसए निघाला, पण तो निराळ्या वंशाचा होता. पुढे बारकाईने तुलना केल्यावर दहांपैकी एक जंतू या साखळीतला नाही असेही ठरले. म्हणजे तपास जसा धागा जोडतो, तसा उगाच जोडलेला धागा तोडतोही.

आपली कुटुंबे मुंबई, ठाणे, लोद, अश्दोदपासून ऑकलंडपर्यंत पसरली आहेत. अलीकडे दुसऱ्या देशात हॉस्पिटलात राहिला असाल, तर भरती होताना ते जरूर सांगा. नाकातून स्वॅब घेतला किंवा वेगळ्या खोलीत ठेवले, तर त्यात कमीपणा मानू नका. अंगावर जंतू असणे हा कुणाचा दोष नव्हे.

आजाऱ्याला भेटणे, बिकूर होलीम, ही आपली मित्स्वा. पण असा जंतू मुख्यतः हातांवरून पसरतो. म्हणून खोलीत शिरताना आणि बाहेर पडताना हात साबणाने धुवा किंवा सॅनिटायझरने चोळा. नेतिलात यादायिमचा हेतू वेगळा; त्याने हे काम भागत नाही. आणि कातडीवर पू झालेला फोड असेल, तर बाळाला पाहायला जाऊ नका. त्या दिवशी फोनवरून आशीर्वाद द्यावा.