औषधाच्या वेष्टनावरील भाषा : सोलापूरच्या बहुभाषिक व्यवहारासंबंधी काही विचार

औषधाचा गुण त्याच्या घटकद्रव्यांवर अवलंबून असतो, हे सर्वमान्य आहे. परंतु तो गुण रोग्याच्या पदरी पडावयाचा, तर ते औषध किती, केव्हा आणि किती दिवस घ्यावयाचे हेही त्याला नेमके कळले पाहिजे. यांपैकी पहिल्या गोष्टीची दक्षता कायदा घेतो. दुसरी गोष्ट मात्र बहुतांशी भाषेच्या स्वाधीन राहिलेली आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा ज्या शहरात नित्य कानांवर पडतात, त्या सोलापुरात या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. औषधविषयक नियमनाकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता काय आढळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. नियमांची व्याप्ती

भारतातील औषधांचे नियमन मुख्यतः १९४० चा औषधविषयक कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांच्या आधारे चालते. औषधविक्रेत्याची पात्रता आणि नोंदणी यांची व्यवस्था १९४८ च्या कायद्याने लावून दिली. 'एच' अनुसूचीतील औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. प्रतिजैविकांचा अनिर्बंध वापर वाढल्यामुळे १ मार्च २०१४ पासून 'एच-१' ही अधिक कडक अनुसूची अमलात आली. तीमधील औषध देताना डॉक्टर, रोगी, औषध आणि त्याचे परिमाण यांची स्वतंत्र नोंद करून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे आवश्यक झाले. त्यावरून उत्पादक, परवाना क्रमांक, तारखा इत्यादी तपशील पडताळता येतो.

ही सर्व व्यवस्था औषध खरे आहे काय आणि ते योग्य मार्गाने विकले गेले काय, या प्रश्नांची उत्तरे देते. ते कसे घ्यावे, हे ती सांगत नाही. गोळ्यांच्या पट्टीवरील मजकूर सामान्यतः इंग्रजीत असतो, आणि धोक्याची सूचनाही त्याच भाषेत असते. ज्याला सावध करावयाचे, त्यालाच ती सूचना वाचता येत नाही, अशी ही स्थिती आहे. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार वेष्टनावरील मजकूर ज्या देशात औषध विकावयाचे त्या देशाच्या राजभाषेत किंवा राजभाषांत असावा लागतो. त्यामुळे बेल्जियमसारख्या लहान देशातही डच, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांत तो छापला जातो.

२. नावांचा प्रश्न

औषधाला दोन नावे असतात : एक द्रव्याचे, दुसरे व्यापारी. द्रव्यनामांची आंतरराष्ट्रीय योजना जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५० च्या ठरावातून निघाली आणि तिची पहिली यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. या योजनेत प्रत्ययांचा उपयोग मोठ्या कुशलतेने केलेला आहे. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या नावांतील अंत्य घटक समान असल्याने ती औषधे एकाच वर्गातील आहेत हे जाणकाराच्या ध्यानी येते. एनालाप्रिल आणि रॅमिप्रिल यांचेही तसेच. तथापि जी नियमबद्धता तज्ज्ञाला साहाय्यक ठरते, तीच सामान्य माणसाच्या कानाला फसवी ठरते. कारण सारखेपणा वाढला की वेगळेपण ओळखणे कठीण होते. क्लोरप्रोमाझिन हे मानसिक विकारांवरील औषध आणि क्लोरप्रोपामाइड हे मधुमेहावरील. दोहोंच्या नावांचा आरंभ एकच आहे, आणि घाईच्या हस्ताक्षरात अंत पुसट झाला की चुकीला वाव मिळतो.

व्यापारी नावांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या प्रकरणात दिलेला निर्णय भाषेच्या अभ्यासकानेही पाहण्यासारखा आहे. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या हिवतापावरील दोन औषधांच्या नावांचा तो वाद होता. ज्या देशात सर्वांची अशी एक भाषा नाही, निरक्षरता मोठी आहे आणि इंग्रजी जाणणारे थोडे आहेत, तेथे नावांतील साम्याची कसोटी इंग्लंडमधील दंडकाने लावणे वास्तवाला धरून होणार नाही, आणि औषधांच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठोर असली पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. चिठ्ठीतील औषधांची नावे द्रव्यनामाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा दंडक भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली घातला. परंतु मोठी आणि लहान अक्षरे हा भेद रोमन लिपीचा आहे. देवनागरीत, कन्नडमध्ये किंवा तेलुगूमध्ये तो नाही. उपाय लिपीच्या आत राहतो. रोगी पुष्कळदा त्या लिपीच्या बाहेर असतो.

३. एक शब्द, अनेक अर्थ

वेष्टनावरील मजकुराचे भाषांतर केले म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. सोलापुरातील शब्दव्यवहार पाहिल्यास तो इतका सोपा नाही असे दिसेल. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड भाषा घरोघरी बोलली जाते. या तिन्ही भाषांनी संस्कृतातील 'मात्रा' हा शब्द घेतला. मराठीत त्याचा अर्थ औषधाचे प्रमाण, एका वेळी घ्यावयाचा अंश असा झाला. 'मात्रा लागू पडणे' हा वाक्प्रचार सर्वपरिचित आहे. तेलुगूत 'मात्र' म्हणजे औषधाची गोळी. कन्नडमध्ये 'मात्रे' म्हणजेही गोळीच. एका मात्रेत दोन गोळ्या घ्यावयाच्या असतील, तर 'दिवसातून दोन मात्रा' या सूचनेचा मराठी भाषकाला अभिप्रेत अर्थ चार गोळ्या असा होईल. तेलुगू किंवा कन्नड भाषक तीतून दोनच गोळ्या समजण्याचा संभव आहे. औषध पातळ असेल, तर त्याला गोळीचा उल्लेख कोठून आला हेच उमगणार नाही. उर्दूतील 'खुराक' हा शब्द औषधाच्या मात्रेसही लावतात. मराठीत खुराक म्हणजे मल्लाचा किंवा दुभत्या जनावराचा पौष्टिक आहार. उलट 'पथ्य' हा शब्द मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत जवळजवळ एकाच अर्थाने रूढ आहे. कोणता सामाईक शब्द विश्वासार्ह आणि कोणता फसवा, याची पारख केल्यावाचून केलेले भाषांतर धोक्याचे होय.

४. काळाचे मोजमाप

परिमाणाप्रमाणे काळाच्या शब्दांतही संदिग्धता आहे. मराठीत 'आठ दिवसांनी या' याचा अर्थ सामान्यतः पुढच्या आठवड्यात त्याच वारी या, असा होतो. दोन्ही टोकांचे दिवस मोजण्याच्या रीतीमुळे सातांचे आठ होतात. 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे, हेही तसेच. बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही. पण मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, आणि ते चुकून रोज घेतले गेल्यास प्राणावर बेतू शकते. सकाळ, दुपार, रात्र यांसाठी चिठ्ठीवर '१-०-१' अशी खूण करण्याचा प्रघात भाषानिरपेक्ष म्हणून उपयुक्त आहे. परंतु आठवड्याचे प्रमाण त्या खुणेत बसत नाही. अशा ठिकाणी 'दर सोमवारी एक गोळी' असे वाराचे नाव घालूनच लिहिले पाहिजे.

५. समारोप

मराठीत फार्मासिस्टला 'औषधनिर्माता' म्हणतात, आणि शासकीय रुग्णालयांत त्याचे पदनाम 'औषधनिर्माण अधिकारी' असे आहे. औषधे दुकानातच कुटून, मिसळून तयार होत, त्या काळाला हे नाव शोभत होते. आज औषध कारखान्यात बनते, आणि दुकानातील पात्र व्यक्तीचे मुख्य काम ते समजावून देण्याचे आहे. २०१५ च्या औषधव्यवसायविषयक विनियमांनी रोग्याशी सल्लामसलत हे तिच्या कर्तव्यांत घातले आहे. ही सल्लामसलत भाषेवाचून होत नाही. म्हणून ती कोणत्या भाषेत व्हावी, हा प्रश्न गौण मानता येणार नाही.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वेष्टनावरील धोक्याची सूचना राज्याच्या भाषेत असणे हा नियमनाचाच भाग मानला जावा. दुसरी, घेण्याची रीत सांगताना 'मात्रा' यांसारखे सामाईक परंतु भिन्नार्थी शब्द टाळून 'गोळी', 'चमचा', वाराचे नाव आणि आकडा यांचा उपयोग व्हावा. तिसरी, सांगितलेले रोग्याने आपल्या शब्दांत परत सांगावे, अशी रीत पडावी. कारण त्याला काय समजले हे जाणण्याचा तोच खात्रीचा मार्ग होय. यांपैकी दुसऱ्या गोष्टीसाठी चारही भाषांतील रूढ औषधविषयक शब्दांचा तौलनिक संग्रह हवा. तो करणे वैद्यकाच्या अभ्यासकाला एकट्याने साधणारे नाही, आणि भाषेच्या अभ्यासकालाही नाही. सोलापुरातील दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे हे काम आहे.