धंदा वाढला, राजा बिघडला: उज्जीयाच्या आयुष्यातून उद्योजकाने काय शिकावं?



धंदा सुरू कसा करायचा यावर आपण नेहमी बोलतो. आज बोलूया धंदा चालायला लागल्यानंतरच्या धोक्याबद्दल. त्यासाठी बायबलमधल्या एका राजाचं आयुष्य बघू. नाव उज्जीया, यहूदाचा राजा. त्याची गोष्ट 'दुसरा इतिहास' या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात आहे.

आधी त्याने काय उभं केलं?

उज्जीया १६व्या वर्षी गादीवर बसला आणि यरुशलेमेत ५२ वर्षं राज्य केलं. माणूस कामाचा होता. वेशींवर बुरूज बांधले. गुरंढोरं पुष्कळ, म्हणून रानात पाण्याची सोय खोदून घेतली. शेतीची मनापासून आवड, म्हणून शेतात आणि द्राक्षमळ्यांत माणसं नेमली. सैन्य ३,०७,५००, त्यावर २,६०० प्रमुख. बाण आणि मोठाले दगड फेकणारी यंत्रंसुद्धा बनवून घेतली.

या कशालाही बायबल नावं ठेवत नाही, हे लक्षात घ्या. मोठं व्हायचं स्वप्न बघणं चूक नाही. उलट तिथे सांगितलंय की जखऱ्या नावाचा मार्गदर्शक होता तोवर राजा देवाला धरून राहिला, आणि देवाने त्याला यश दिलं.

मग बिघडलं कुठे?

बळ आलं आणि डोक्यात हवा गेली. मंदिरात धूप जाळणं हे फक्त याजकांचं काम. राजा स्वतःच धुपाटणं घेऊन आत शिरला. अजऱ्या याजक ८० याजकांना घेऊन मागोमाग गेला आणि तोंडावर म्हणाला, हे तुमचं काम नाही, बाहेर निघा.

आता नीट बघा. याजकांनी अडवलं तेव्हा राजाला काहीही झालेलं नव्हतं. धुपाटणं खाली ठेवून मागे फिरायला वेळ होता. पण तो संतापला. त्या रागातच, याजकांसमोर, त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. कारभार मुलाने, योथामने, पाहिला.

(इथे एक गैरसमज नको. कुणाला आजार झाला म्हणजे त्याला शिक्षा झाली, असा अर्थ काढू नका. ही त्या एका राजाची गोष्ट आहे.)

माझं धुपाटणं

मी हे भोगलंय. माझं मसाल्याचं छोटं युनिट होतं. हिशेब बघणारे काका म्हणाले, "साहेब, एकाच पार्टीला एवढी उधारी नको." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, धंदा मी उभा केलाय, तुम्ही नाही." पुढे त्या पार्टीकडे पैसे अडकले, मला कर्ज काढावं लागलं. पैसे फिटले हो कसेबसे. पण काका त्या दिवसानंतर मला कधीच काही बोलले नाहीत. खरा तोटा तो होता.

आज रात्री स्वतःला विचारा

१. मला तोंडावर "नाही" म्हणू शकेल असं माझ्या धंद्यात कोण आहे? बायको, भाऊ, जुना कामगार, कुणीही चालेल.

२. माझं नसलेलं कोणतं काम मी "मालक आहे" म्हणून ओढून घेतलंय?

३. शेवटचं मला कुणी अडवलं तेव्हा मी ऐकलं की चिडलो?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उज्जीयाला अडवायला ८१ माणसं उभी होती, तरी तो थांबला नाही. तुमच्याकडे एक जरी असेल, तर उद्या सकाळी दुकान उघडण्याआधी त्याला फोन करा. माफी मागायची असेल तर मागा.

मी काकांच्या घरी गेलो होतो. उशिराच गेलो, पण गेलो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा वाढवा, आणि पाय जमिनीवर ठेवा!