पिल्लू घरात, आपण लोकलमध्ये

आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय. नवरा-बायको दोघंही नोकरीला. सकाळची हार्बर लोकल पकडली की परतायला रात्र. "दिवसभर एकटं राहून ते माणूसघाणं होईल का गं?" ताईंनी मला विचारलं.

याच्या जवळचा एक प्रयोग अमेरिकेत झाला होता. फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी तो १९६१ साली 'सायन्स'मध्ये छापला. पिल्लं भावंडांसोबत उंच कुंपणाच्या मैदानात वाढली, माणसांपासून लांब. वेगवेगळ्या वयांत त्यांना फक्त एक आठवडा माणसांत आणलं, रोज दीडेक तास खेळवलं आणि परत मैदानात सोडलं. ज्यांना १४ आठवडे माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरी निघाली. सातव्या आठवड्यात आलेली मात्र माणसांना सरावली.

म्हणजे किती तास दिले यापेक्षा कोणत्या वयात दिले हे जास्त महत्त्वाचं.

पण थांबा! इथे माणसाची भीती तपासली होती, एकटेपणा नाही. 'दहा तास कोंडलं तरी चालतं' असा अर्थ यातून निघत नाही. शिवाय एवढ्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे शू धरवत नाही.

म्हणून आता दुपारी शेजारच्या आजी चक्कर मारतात. आणि लसी पूर्ण होईपर्यंत रोज संध्याकाळी पिल्लू कडेवर बसून स्टेशनपर्यंत जातं. रिक्षा, फेरीवाले, शाळेची पोरं, सगळं बघत.