किडनी दुखत नाही, म्हणूनच तपासायची

किडनीचा आजार निघाला की बरेच जण म्हणतात, ‘पण मला तर काही त्रासच नव्हता!’ त्यांचं म्हणणं खरं असतं. दोन्ही किडन्यांत मिळून साधारण २० लाख सूक्ष्म गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन असतात. काही बंद पडल्या की उरलेल्या जादा काम ओढतात. त्यामुळे निम्मी क्षमता गेली तरी माणूस हिंडता-फिरता असतो. या शांततेच्या काळातच आजार आवरता येतो आणि नेमका हाच काळ गैरसमजांपायी हातचा जातो.

गैरसमज : लघवी साफ होते, कंबर दुखत नाही; म्हणजे किडनी ठणठणीत.

वस्तुस्थिती : मुतखडा दुखतो, किडनीची हळूहळू होणारी झीज बहुधा दुखत नाही. कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची किंवा मणक्याची असते. लघवीचं प्रमाणही बराच काळ नेहमीसारखंच राहतं, पण तिच्यावाटे पुरेशी घाण बाहेर पडत नाही. पायांवर सूज, मंदावलेली भूक, दम लागणं ही लक्षणं बरेचदा खूप उशिरा दिसतात.

गैरसमज : क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग काळजी नको.

वस्तुस्थिती : क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, म्हणून एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. १.२ हे क्रिएटिनिन २५ वर्षांच्या तरुणात असेल, तर त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाजी वेग, ८५च्या आसपास येतो. ६५ वर्षांच्या बाईंचा तेवढ्याच क्रिएटिनिनला ५०च्या आसपास भरतो. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला, तर तो दीर्घकालीन किडनीविकार समजतात. त्याच्याही आधी बिघाडाची खूण लघवीत सापडू शकते. तिथे अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागतं. एसीआर, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मोजणाऱ्या तपासणीत ते क्रिएटिनिनच्या प्रतिग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा जास्त आलं, तर दुर्लक्ष करू नये.

गैरसमज : बीपी-शुगरच्या गोळ्यांनी किडनी खराब होते.

वस्तुस्थिती : या भीतीने परस्पर गोळ्या सोडणं फार महागात पडतं. किडनी निकामी होण्याची सगळ्यांत मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी औषधं रक्तदाबाबरोबर अल्ब्युमिनची गळतीही कमी करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डापा-सीकेडी चाचणीत ४,३०४ किडनीरुग्ण होते. डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या औषधाने किडनी झपाट्याने ढासळणं, ती निकामी होणं किंवा किडनी वा हृदयविकाराने मृत्यू, हा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला. मधुमेह नसलेल्यांनाही फायदा झाला.

भीती बाळगायचीच, तर ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामकांची बाळगावी. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने घेतलेलं डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन किडनीचा रक्तपुरवठा कमी करू शकतं. घटक न छापलेल्या पुड्या आणि भस्मंही टाळावीत. त्यांत शिसं, पारा असू शकतो.

गैरसमज : भरपूर पाणी आणि शहाळं प्यायलं की किडनी धुऊन निघते.

वस्तुस्थिती : मुतखडा टाळायला जास्त पाणी उपयोगी आहे. पण कॅनडात ६३१ किडनीरुग्णांपैकी काहींना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावलं, तरी त्यांच्या किडनीची घसरण इतरांपेक्षा मंदावली नाही. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. आजार वाढल्यावर तर पाणी मोजून प्यावं लागू शकतं. शहाळ्यात आणि ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम भरपूर असतं. दुबळ्या किडनीला ते बाहेर टाकता आलं नाही, तर हृदयाचे ठोके बिघडून जीव धोक्यात येतो. सैंधवाचाही आधार नको. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं.

गैरसमज : एकदा डायलिसिस लागलं की जन्माचं लागलं.

वस्तुस्थिती : पावसाळ्यातल्या लेप्टोने किंवा घोणस चावल्यामुळे किडनी अचानक बंद पडते, तेव्हा काही दिवस वा आठवडे डायलिसिस करून अनेकांची किडनी पुन्हा काम करू लागते. भीतीपोटी अशा वेळी नकार देऊ नये. किडनी कायमची निकामी झाली, तर साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास डायलिसिस लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे.

गैरसमज : किडनी देणारा कायमचा अधू होतो.

वस्तुस्थिती : दात्याची कसून तपासणी करूनच किडनी घेतात आणि उरलेली किडनी काम वाढवून घेते. १९५४ साली बॉस्टनमध्ये रोनाल्ड हेरिक यांनी जुळ्या भावाला किडनी दिली. मानवी किडनीचं हे पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. त्यानंतर रोनाल्ड ५६ वर्षं जगले. दात्याने मात्र रक्तदाब आणि किडनीची नियमित तपासणी करत राहावं.

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा घरात किडनीविकाराचा इतिहास असेल, वय साठीपुढचं असेल किंवा वेदनाशामकं वारंवार घेतली असतील, तर डॉक्टरांना दोन तपासण्यांबद्दल विचारा : रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआर आणि लघवीचा एसीआर. मधुमेह आणि बीपी असणाऱ्यांनी तर त्या दर वर्षी कराव्यात. घरात आई-वडिलांना बीपी वा शुगर असेल, तर त्यांची जुनी फाइल आजच काढा. त्यात एसीआर सापडला नाही, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तो आवर्जून लिहून घ्या.