विश्लेषण : जिभेला लगाम कसा घालायचा? ख्रिस्ती जीवनातील सौम्यता आणि बीडचा अनुभव

माजलगावात ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटवण्यात आले. त्याआधी त्यांच्या नावाने एका फोन संभाषणाची ध्वनिफीत मोबाइलवर फिरत होती. मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांच्याविषयी त्यात काढलेल्या उद्गारांवरून संताप उसळला होता. त्याच दिवशी बीड शहरातही जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. पुढे ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्यातील चर्चा आणखीनच जातीवर आली. कोण काय म्हणाले, यापेक्षा म्हणणाऱ्याचे आडनाव काय, हा प्रश्न आधी विचारला जाऊ लागला.

यावर पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी काढलेला उपाय बोलण्याचाच होता. पोलिसांनी एकमेकांना आडनावाने नव्हे, तर नावाने हाक मारावी, अशी सूचना त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये दिली. मार्चमध्ये गणवेशावरील पट्टी आणि टेबलावरील पाटी यांवरूनही आडनाव गेले.

जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने अगदी थोडा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातच ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून कमी होते. बीडमधील प्रमाण त्याहून बरेच कमी. पण तोही याच गावांत, याच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असतो. धर्म बदलला तरी अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आडनावे जुनीच राहिली, त्यामुळे आडनावावरून जात काढण्याची सवय त्यांनाही चुकलेली नाही. अशा वातावरणात ‘सौम्य बोला’ या शिकवणीचा रोजच्या व्यवहारात नेमका अर्थ काय?

जिभेबद्दल शिकवण काय?

बायबलमध्ये यावर सर्वांत थेट लिखाण याकोबाच्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात आहे. तिथे तीन दाखले येतात. घोड्याच्या तोंडातला लगाम, मोठ्या गलबताचे छोटे सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी. तिन्हींत मुद्दा एकच, आकार लहान आणि परिणाम प्रचंड. माजलगावच्या घटनेनंतर तिसरा दाखला बीडच्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. याच पत्रात आणखी एक बोचरे निरीक्षण आहे. ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची, त्याच तोंडाने देवाने घडवलेल्या माणसाला शिव्याशाप द्यायचे, यातली विसंगती लेखक दाखवतो. रविवारी गायलेले गीत आणि सोमवारी पाठवलेला मेसेज यांच्यात असलेली ही विसंगती आहे.

‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात शेजाऱ्याला फसवून वर ‘गंमत केली’ म्हणणाऱ्याची तुलना जळते कोलीत फेकत सुटलेल्या वेड्याशी केली आहे. ‘जस्ट फॉरवर्डेड’ म्हणत हात झटकणाऱ्यांसाठी ती आजही चपखल आहे.

सौम्य म्हणजे गप्प?

इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. नव्या करारात सौम्य या अर्थी येणारा मूळ ग्रीक शब्द ‘प्राउस’ असा आहे. ग्रीक लेखक झेनोफोन याने हाच शब्द माणसाळलेल्या, शांत घोड्यासाठीही वापरला आहे. घोड्याची ताकद गेलेली नसते, ती काबूत असते. म्हणजे सौम्यता हा ज्याच्याकडे ताकद आहे, त्याचा गुण ठरतो.

प्रत्यक्षात उपदेश मात्र उलट दिशेने वाहतो. ‘जरा नमतं घ्या’ हे सुनेला, सालगड्याला, ऊसतोड मजुराला सांगितले जाते. बीडमधून दर हंगामात लाखो मजूर कोयता घेऊन बाहेर पडतात. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या जोडप्याला बोलणी खावी लागतात, आणि धीर धरण्याचा सल्लाही त्यांनाच मिळतो. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात धन्यांसाठी वेगळी ओळ आहे. नोकरांना धमकावणे सोडा, असे तिथे बजावले आहे. त्या काळचे नोकर म्हणजे गुलाम, आणि गुलामगिरी मोडा असे हे पत्र म्हणत नाही, ही त्याची मर्यादा नोंदवायलाच हवी. तरी धमकी हा धन्याचा हक्क नव्हे, एवढे त्यात स्पष्ट आहे.

स्वतः येशूचे उदाहरणही गप्प बसण्याचे नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील १८ व्या अध्यायात चौकशी सुरू असताना एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. येशू उलट हात उचलत नाही. पण मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नसेन तर का मारलेस, असे विचारतो. यात शिवी नाही आणि माघारही नाही.

आधी कुणाशी बोलायचे?

मत्तयाच्या शुभवर्तमानातील १८ व्या अध्यायात यासाठी चक्क कार्यपद्धती दिली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोलायचे. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचे. तरीही ऐकले नाही, तरच विषय मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभेसमोर आणायचा.

व्हॉट्सॲपने हा क्रम उलटा केला. नाराजी आधी ग्रुपवर येते, मग एक-दोघांचे फोन होतात आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशी समोरासमोर बोलणे सर्वांत शेवटी, तेही झाले तर. स्क्रीनशॉट निघाल्यावर पहिल्या पायरीवर परतणे जवळपास अशक्य असते.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. ही पद्धत मतभेदांसाठी आहे. घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार, बालविवाह अशा बाबतींत ‘आधी त्याच्याशी एकट्याने बोल’ हा सल्ला पीडितेला धोक्यात टाकतो. तिथे ११२, महिलांसाठी १८१ किंवा बालकांसाठी १०९८ हे क्रमांक फिरवायला हवेत. अन्याय झाकण्यासाठी सौम्यतेचे नाव पुढे करणे, हा त्या शब्दाचा गैरवापर आहे.

मराठी घरातले उदाहरण

आष्टी तालुक्याला लागून असलेल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात याचे एक नोंदलेले उदाहरण सापडते. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे कायम होते, स्वयंपाक वेगळा होता. टिळक स्वभावाने तापट. त्यांच्या रागाचे प्रसंग लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये काही न लपवता लिहिले आहेत. पण श्रद्धेच्या बाबतीत या तापट माणसाने पत्नीवर सक्ती केली नाही. जातिभेद सोडण्याचा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून घेतला आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. स्वभाव न बदलताही एका ठिकाणी लगाम कसून धरता येतो, हे या संसारात दिसते. आणि लक्ष्मीबाईंची लेखणी? नवऱ्याच्या उणिवा जाहीरपणे, पण हसत सांगणारे असे गद्य मराठीत फार नाही.

तोंडातून गेलेच तर?

प्रेषित पौलाचेही गेले होते. प्रेषितांच्या कृत्यांतील २३ व्या अध्यायात यरुशलेमच्या न्यायसभेसमोर त्याच्या तोंडावर मारण्याचा हुकूम सुटतो, तेव्हा तो हुकूम देणाऱ्याला चुना फासलेली भिंत म्हणतो. तो महायाजक आहे हे कळल्यावर मात्र अधिकाऱ्याविषयी वाईट बोलू नये या शास्त्राचा हवाला देत पौल तिथेच मागे येतो. आपला मुद्दा तो सोडत नाही, फक्त अपशब्द मागे घेतो. ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला’ या रोज ऐकू येणाऱ्या खुलाशापेक्षा हे बरेच वेगळे आहे.

दुरुस्तीला किती महत्त्व आहे, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायावरून कळते. वेदीजवळ अर्पण घेऊन उभे असताना आपल्याविषयी भावाच्या मनात काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यायचे आहे. राग कुणाला आला आहे, हे इथे पाहण्यासारखे आहे. तो भावाला आला आहे, तरी जायचे आपण आहे. कॅथलिक मिस्सामध्ये कम्युनियनच्या आधी शेजाऱ्याला शांतीची खूण दिली जाते, तीही समेटाचीच खूण. पण हे शब्द प्रथम ऐकणारे लोक गालीलचे होते आणि वेदी यरुशलेमच्या मंदिरात, अनेक दिवसांच्या पायी वाटेवर होती. पायी पंढरपूरला पोहोचून दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या वारकऱ्याला, आधी गावी परत जा, भावकीतला वाद मिटव आणि मग ये, असे सांगण्यासारखे ते होते.